तार बदलत होती, मी नाही

मित्रांनो, मी जुना आहे, हे मान्य. माझ्या पत्र्यावरचा करडा रंग कोपऱ्यांवर उडाला आहे. तबकडीच्या काचेवर एक लांब ओरखडा आहे. कुणीतरी वर्षानुवर्षे माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवला, त्याचा गोल डाग अजून तसाच आहे. पण मी बिघडलेला नाही. कधीच नव्हतो. ही गोष्ट मी आधीच ठणकावून सांगतो, कारण एके काळी माझ्या पाठीवर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवली गेली होती, आणि ती चिकटवायला सांगणाऱ्याने मला एकदाही तपासून पाहिले नव्हते.

मी विजेचा प्रवाह मोजणारा मीटर आहे. तुमच्या घराच्या दाराजवळ असतो तो मीटर वेगळा. तो पंखे आणि दिवे किती वीज खातात ते सांगतो. मी मोजतो तो प्रवाह इतका लहान, की त्यावर दिवा लागणे तर सोडाच, मुंगीच्या मिशीलाही झिणझिण्या येणार नाहीत. एका अँपिअरचे अब्ज भाग करा. त्यातला एक भाग माझ्या तबकडीवर काट्याच्या एका ठळक रेघेएवढा दिसतो. त्याला नॅनोअँपिअर म्हणतात. इतके बारीक ऐकायचे तर कान साफ हवेत, म्हणून माझ्या जन्मापासून माझ्या स्वच्छतेचे फार लाड झाले.

कारखान्यातल्या शेवटच्या टेबलावर एक तपासनीस बाई बसत. त्या पांढरे सुती हातमोजे घातल्याशिवाय मला हात लावत नसत. एकदा एका नव्या कामगाराने माझ्या आतल्या पांढऱ्या बैठकीवर सहज बोट टेकवले. बाई कडाडल्या, "बोट काढ! तुझ्या घामात मीठ आहे."

"एवढ्याशा घामाने काय होणार बाई?" तो हसला.

"मीठ ओलं झालं की त्याचे आयन सुटे होतात. आयन म्हणजे विजेचा भार अंगावर घेऊन फिरणारे अणू. ते तुझ्या बोटाच्या ठशावरून चालायला लागले की जिथून वीज जायला नको तिथून जाईल, आणि हा बिचारा तीही मोजत बसेल. खोटं बोलायला तू शिकवशील आणि नाव याचं खराब होईल."

त्यांनी मला तीन दिवस तपासणीवर ठेवले. पहिल्या दिवशी माझा काटा अर्धी रेघ सरकला. त्यांनी मला उघडले, डाख दिलेल्या जागेवरचा चिकट डाग शोधला, धुतला, वाळवला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काटा जिथल्या तिथे होता. तेव्हा कुठे त्यांनी माझ्या कागदावर सही केली.

मग मी एका प्रयोगशाळेत आलो. माझे सुरुवातीचे दिवस थाटाचे होते. मला तापायला एक तास लागतो, म्हणून सकाळी दार उघडले की सगळ्यांत आधी माझा खटका दाबला जाई. माझ्यासमोर संशोधकांची रांग लागे. "जरा हळू चाला, काटा हलतोय," असे म्हणून मोठमोठी माणसे एकमेकांना दटावत. मी मनातल्या मनात खूश होत असे.

पुढे आकडे दाखवणारे नवे मीटर आले. ते वजनाला हलके, तापायला वेळ न घेणारे, आणि आकडे आपणहून लिहून ठेवणारे. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ते आपले काम चोख करतात. पण ते आल्यावर मला कोपऱ्यातल्या फळीवर चढवले गेले आणि चहाचा कप माझ्या डोक्यावर आला तो तिथेच.

फळीवरच्या त्या वर्षांत माझी आठवण ठेवणारा एकच माणूस होता. प्रयोगशाळेतली यंत्रे दुरुस्त करणारे काका. सगळे त्यांना काकाच म्हणत. दर सहा महिन्यांनी ते मला खाली काढत, मऊ फडक्याने पुसत आणि माझ्या पोटातली ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुरचुंडी बदलत. निळे दाणे गुलाबी झाले की ते दमले, असे समजायचे.

"काका, याचा अजून काय उपयोग?" कुणीतरी विचारायचे.

"तुमचा काय उपयोग, असं मी विचारतो का तुम्हाला?" काका म्हणायचे आणि फडके झटकायचे.

अशातच एके दिवशी एक संशोधक बाई काकांकडे आली. तिची बहुतेक वाक्ये 'पण'ने सुरू होत, म्हणून बाकीचे तिला पणताई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. तिला ते ठाऊक होते आणि तिने कधी मनावर घेतले नाही.

"काका, मला एक मीटर हवाय. सबंध दिवसासाठी."

"नव्या मीटरवर नाव लावा ना."

"लावलंय. अर्ध्या तासाच्या वर कुणाला मिळत नाही. पण मला सकाळी सुरू करून संध्याकाळपर्यंत बघायचंय."

काकांनी कप उचलला, मला फळीवरून काढले आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवले. म्हणाले, "हा घ्या. याला कुणी विचारत नाही, त्यामुळे याला भरपूर वेळ आहे."

तिने मला ज्या वस्तूला जोडले ती मला दिसलीच नाही. तिलाही नुसत्या डोळ्यांनी दिसत नव्हती. ती एक तार होती, तुमच्या केसाच्या हजाराव्या भागाइतकी बारीक. तिला नॅनोतार म्हणतात. टंगस्टन नावाच्या धातूच्या ऑक्साइडची ती बनलेली होती. नाण्याएवढ्या काचेच्या चकतीवर सोन्याच्या दोन पट्ट्या होत्या, दोन्हींच्या मध्ये एक फट, आणि त्या फटीवर नदीवरच्या साकवासारखी ती तार आडवी पडलेली. खाली एक छोटी शेगडी, कारण ही तार तापल्यावरच काम करते.

आणि तिचे काम फार मोलाचे होते. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या बंद टाक्यांमध्ये माणसे गाळ काढायला उतरतात. त्या गाळातून एक विषारी वायू सुटतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला तर नाकच बधिर होते आणि माणसाला वाटते, वास गेला, आता धोका टळला. तिथेच घात होतो. हा वायू तारेला लागला की तारेतून जाणारा प्रवाह वाढतो. त्यावर आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी एक पेटी बनवली होती. प्रवाह एकदम दुप्पट झाला की पेटी कर्कश वाजणार आणि टाकीतली माणसे वर येणार. ऊन वाढले, हवा बदलली तरी प्रवाह थोडा इकडेतिकडे होतो. त्याने पेटी उगाच वाजू नये, म्हणून दर दहा मिनिटांनी ती त्या वेळचा प्रवाह हाच नवा पाया धरायची. या प्रमुखांना सगळे सर म्हणत. त्यांनी सहा वर्षे या तारेमागे घालवली होती, आणि तीन आठवड्यांनी पेटीचे प्रात्यक्षिक ठरले होते.

पणताईने शेगडी पेटवली, व्होल्टेज दिले आणि ती स्टुलावर बसली. वायूबियू काही सोडला नव्हता. नुसती स्वच्छ हवा. काटा दोनवर आला. दोन नॅनोअँपिअर. अर्ध्या तासाने मी तीनवर होतो. एका तासाने पाचवर. दुपारी काटा तबकडीच्या टोकाला टेकला तेव्हा तिने माझी मोठी खिट्टी फिरवून पल्ला वाढवला. चार तास झाले तेव्हा मी चाळीस दाखवत होतो.

मित्रांनो, मी तिथे काहीच वाढवून सांगितले नाही. जितका प्रवाह आला तितका दाखवला. पण माझ्यासारख्या म्हाताऱ्याचा काटा चढायला लागला की लोकांना एकच शंका येते.

पणताईलाही आली. पण तिने शंकेवर विसंबून न राहता मला तपासले. दुसऱ्या दिवशी तिने ती तार काढली आणि तिच्या जागी एक साधा रेझिस्टर लावला. तो विजेला किती अडवतो ते कागदावर लिहिलेले असते आणि ते बदलत नाही. सात तास ती माझ्यासमोर बसली. डबाही तिथेच खाल्ला. काटा ढिम्म हलला नाही. तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा तार लावली, पण शेगडी बंद ठेवली. तेव्हाही मी जिथल्या तिथे. मग शेगडी लावून, काटा चांगला चढू देऊन, तिने विजेची दिशाच उलटवली. काटा हळूहळू उतरायला लागला. एका तासात कुठे निम्म्यावर आला.

"काका, हे इलेक्ट्रॉन नाहीत," ती म्हणाली. "इलेक्ट्रॉन असते तर खटका दाबल्याबरोबर उलटे वळले असते. पण हे तासतास लावतंय. काहीतरी जड आहे, गरम झाल्यावरच हलतं, आणि विजेच्या दिशेने रांगतंय."

"रांगत कुठून येतंय?"

"बहुतेक काचेतून. साध्या काचेत सोडिअम असतं. काच थंड असेल तर त्याचे आयन जागच्या जागी रुतून बसतात. काच तापली की सैल होतात, आणि व्होल्टेज दिलं की चालायला लागतात. तारेच्या आत अणूंच्या रांगांमध्ये अरुंद बोगदे आहेत. त्यात शिरत असतील. सोडिअमचा एक आयन आत आला की तारेला एक इलेक्ट्रॉन जास्तीचा मिळतो. इलेक्ट्रॉन वाढले की प्रवाह वाढतो."

काकांनी माझ्या काट्याकडे एकदा पाहिले. मग म्हणाले, "सरांना सांगा. पण जपून सांगा."

तिने जपून सांगितले की नाही ते मला ठाऊक नाही, पण सर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

"मीटर बदल," माझ्याकडे बघत ते म्हणाले.

"पण सर, मीटर बरोबर आहे. मी तपासलाय."

"हे धूड मी विद्यार्थी होतो तेव्हापासूनचं आहे! काटा सरकतोय म्हणजे आतलं काहीतरी म्हातारं झालंय. नव्या मीटरवर हे कधी दिसलं नाही."

"पण नव्या मीटरवर आपण पाच मिनिटांच्या वर कधी थांबलोच नाही. प्रत्येक चाचणी पाच मिनिटांची, आणि दर वेळी नवी तार. मला नवा मीटर एक दिवस द्या. त्यावरही हेच दिसेल."

"प्रात्यक्षिकानंतर. तोवर एक अर्धा तास मोकळा नाही."

"पण प्रात्यक्षिकानंतर पेटी टाकीत जाणार ना, सर?"

सरांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "सहा वर्षं. बाहेर किती जण म्हणाले, सोडा हा नाद, तुम्हाला ठाऊक आहे? आता दाराशी आलोय, आणि तू एका भंगार मीटरच्या काट्यावरून माझा पाय मागे ओढतेस."

भंगार! मी तिथल्या तिथे तबकडी फोडून बाहेर यावे असे मला वाटले. मला हात असते तर मी रेझिस्टर उचलून स्वतःच स्वतःला लावला असता आणि म्हणालो असतो, बसा सात तास, बघा. पण मला हात नाहीत. मला एक काटा आहे, आणि त्याने मला जेवढे सांगता येते तेवढे मी सांगून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मोडीत काढायच्या वस्तूंच्या यादीत माझे नाव लागले. एका शिपायाने माझ्या पाठीवर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी चिकटवली. मला तळघरात पोचवायचे काम काकांकडे आले. काकांनी मला छातीशी धरून उचलले, जिन्यापर्यंत नेले, तिथे क्षणभर थांबले आणि आल्या पावली मला आपल्या दुरुस्तीच्या टेबलावर आणून ठेवले.

"हा इथे काय करतोय?" शिपायाने विचारले.

"चिठ्ठी वाच. नादुरुस्त. नादुरुस्त वस्तू दुरुस्तीच्या टेबलावर येतात. आली."

"पण तुम्ही दुरुस्त तर काही करत नाही आहात."

"बिघाड सापडला की करीन," काका म्हणाले.

प्रात्यक्षिकाचा दिवस उजाडला. पुढची हकीकत मला काकांनी आणि पणताईने सांगितली, कारण तिच्या सुरुवातीला मी तिथे नव्हतो. सभागृहात एका कारखान्याचे सुरक्षा अधिकारी आले होते. त्यांच्याबरोबर टाक्या साफ करणाऱ्या माणसांचे मुकादम होते. रुंद खांद्यांचे, कमी बोलणारे, टोपी हातात धरून बसलेले. सरांनी काचेच्या बंद खोक्यात पेटी ठेवली, चालू केली आणि पिचकारीने थोडासा वायू आत सोडला. पेटी अशी वाजली की पहिल्या रांगेतल्या लोकांनी कानांवर हात घेतले. टाळ्या पडल्या. अधिकारी उठून सरांचा हात हातात घेणार, तेवढ्यात मुकादम म्हणाले, "साहेब, एक विचारू?"

"विचारा ना."

"ही पेटी तुम्ही आत्ता चालू केलीत. माझी माणसं एकदा खाली उतरली की चार तास खाली असतात. चार तासांनी पण अशीच वाजेल ना?"

"अर्थातच," सर म्हणाले.

"पण..." मागच्या रांगेतून आवाज आला. सगळ्यांनी माना वळवल्या. पणताई उभी राहिली होती. "पण मला वाटतं, नाही वाजणार."

सर म्हणाले, "आमच्या या संशोधक एका जुन्या मीटरवर..."

"मीटरचं मला कळत नाही, साहेब," मुकादमांनी हात जोडले. "तुम्ही दोघं शिकलेली माणसं, तुमच्यात मी बोलू नये. पण मी थांबतो. पेटी चालूच ठेवा. चार तासांनी पुन्हा वायू सोडा. वाजली तर मी आजच घेऊन जातो."

याला नाही कसे म्हणणार? सरांनी मान हलवली. पणताईने काकांकडे पाहिले आणि काका तडक उठून मला घेऊन आले, पाठीवरच्या चिठ्ठीसकट. सर काही बोलणार होते. मग खुर्चीत बसत एवढेच म्हणाले, "लावा, काय लावायचं ते."

मला पेटीतल्या तारेला जोडले. मी तापेपर्यंत तासभर गेला, आणि तार तोवर चालूच होती. मी काम सुरू केले. पाच. नऊ. सतरा. अधिकारी फोनवर बोलायला बाहेर गेले, येऊन बसले, पुन्हा गेले. मुकादम मात्र स्टूल ओढून माझ्यासमोरच बसले. पणताई सोडली, तर माझ्याकडे इतका वेळ डोळे लावून कुणी बसले त्याला कित्येक वर्षे झाली होती.

"ताई, हा काटा काय म्हणतो?" त्यांनी विचारले.

पणताईने जरा विचार केला. "तुमच्या टाकीत तळाशी गाळ साचतो ना, तसं या तारेत काहीतरी साचतंय. काचेतून आत येतंय. वायू नसतानाच प्रवाह वाढत चाललाय."

मुकादमांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "आणि पेटी दर दहा मिनिटांनी नवा पाया धरते, असं साहेब सकाळी म्हणाले. म्हणजे पेटी गाळालाच तळ समजते."

"हो," पणताई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य स्पष्ट दिसत होते. "अगदी तेच."

सरांनी ते ऐकले. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांच्या हातातले पेन वहीवर टेकलेले होते आणि ते पुढे सरकत नव्हते.

चार तास झाले. मी चाळीसवर होतो. सरांनी स्वतः उठून पिचकारी भरली. तेवढाच वायू, सकाळइतकाच. खोक्यात सोडला. पेटीच्या नोंदीप्रमाणे सकाळी प्रवाह दोनवरून दहावर गेला होता, म्हणजे पाचपट. आता तो चाळीसवरून अठ्ठेचाळीसवर गेला. वायूने प्रवाह तेवढाच वाढवला होता, पण आता तो दुप्पट काही झाला नव्हता. पेटीच्या हिशोबी काहीच घडले नव्हते.

पेटी वाजली नाही.

मुकादम खोक्याला कान लावून उभे राहिले. मिनिटभर. दोन मिनिटे. मग सरळ होत म्हणाले, "माझा धाकटा भाऊ अशाच टाकीत गेला. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही गेला. तेव्हा पेटी नव्हती, तर निदान आम्ही भीत तरी होतो. ही पेटी गळ्यात असती तर माझी माणसं बिनधास्त बसली असती खाली." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "चांगली झाली की बोलवा साहेब. मी येईन. पण ही मी नाही नेणार."

त्यांच्यामागोमाग अधिकारीही गेले. सभागृहात कुणी कुणाकडे बघेना. पणताई आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसली. जिंकल्यासारखे तिला वाटले असेल असे तुम्हाला वाटते का? काका तिच्यासाठी चहा घेऊन गेले तेव्हा ती रडत होती. "सरांची सहा वर्षं गेली हो, काका," ती म्हणत होती.

दोन दिवस सर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते सरळ काकांच्या खोलीत शिरले. काका मान खाली घालून एका पंपाची चकती घासत होते. सर माझ्यासमोर बसले. माझा खटका दाबला. तासभर मी तापेपर्यंत हाताची घडी घालून थांबले. मग खिशातून एक रेझिस्टर काढला आणि मला लावला.

मी काय केले असेन? मी हललो नाही. दर अर्ध्या तासाने ते पेन्सिलीने एक आकडा लिहीत होते, आणि दर वेळी तोच आकडा लिहावा लागत होता. एकदा त्यांनी तबकडीवर टिचकी मारून पाहिली. मारा म्हटले! दोनदा मारा! सात तास झाले. त्यांनी वही मिटली.

"याचं नाव यादीतून काढा," ते काकांना म्हणाले.

"यादी तुम्हीच केली होती, सर," काका चकतीवरून मान वर न करता म्हणाले.

सरांनी यादी मागवली, माझ्या नावावर रेघ मारली आणि बाजूला सही केली. मग माझ्या पाठीवरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. ती नीट निघाली नाही. तिचा एक तुकडा अजून तिथे आहे. असू दे.

मग ते पणताईच्या दाराशी गेले. माझ्या टेबलावरून ते दार दिसते.

"काच आहे," ते म्हणाले.

"हो, सर."

"तुला कधी कळलं?"

"तीन आठवड्यांपूर्वी वाटलं होतं."

"सांगितलंही होतंस." ते उंबऱ्यातच उभे होते. "मला तेव्हा ऐकायचं नव्हतं."

तिने त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, "पण आता काच नको तर काय घ्यायचं, ते ठरवू या का?"

त्यांना हवा होता क्वार्ट्झ. तोही काचेसारखाच दिसतो, पण त्यात सोडिअम जवळजवळ नसतेच. आता क्वार्ट्झच्या चकत्या मागवायच्या म्हणजे दोन महिने थांबायला हवे होते. काका तळघरात गेले आणि मोडीत निघालेल्या एका यंत्राची क्वार्ट्झची सपाट खिडकी घेऊन आले. तिचे तुकडे कापले, धुतले, त्यावर सोन्याच्या पट्ट्या बसवल्या, वर तार टाकली. शेगडी लागली. मला जोडले. सर एका बाजूला, पणताई दुसऱ्या बाजूला, काका मागे.

दोन. तासाने दोन. दुपारी दोन. संध्याकाळी सफाईवाल्या मावशी आल्या आणि तिघांना तसेच पुतळ्यांसारखे बसलेले बघून म्हणाल्या, "काही झालं का?"

"काहीच नाही झालं, मावशी!" पणताई ओरडली आणि हसतच सुटली. सरही हसले. जागच्या जागी उभे राहण्याचा इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

त्या क्वार्ट्झवरच्या तारेला चार तासांनी वायू दिला. पेटी वाजली. आठ तासांनी दिला. वाजली. तरीही लगेच कुणाला बोलावले नाही. तीनशे तास चालवून पाहिली. सोडिअम तारेत नक्की किती शिरते, किती वेगाने शिरते, उलट दिशेने किती बाहेर येते, हे सगळे त्या दोघांनी माझ्या काट्यावर मोजले. आयन कुठून कसे चालतात ते कळल्यावर त्यांना वाटेतच अडवता येते, हे तेव्हा मलाही उमगले.

त्यावर त्यांनी जो लेख लिहिला, त्यात पणताईने माझा उल्लेख केला. लेख तपासणाऱ्यांनी विचारले, इतक्या जुन्या मीटरवर भरवसा कसा ठेवायचा? पुन्हा तेच! पणताईने उत्तरादाखल रेझिस्टरचे सात तासांचे आकडे पाठवले. दोन प्रती, एक तिची आणि एक सरांची पेन्सिलीने लिहिलेली. मग कुणी काही विचारले नाही.

सव्वा वर्षाने मुकादम पेटी घेऊन गेले. नेण्याआधी त्यांनी ती दिवसभर चालवून पाहिलीच, आणि कुणाला त्याचा राग आला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ते पुन्हा आले. या वेळी कुणी बोलावले नव्हते. काकांच्या खोलीत पणताई आणि सरही होते, तिथे येऊन स्टुलावर बसले.

"परवा वाजली," ते म्हणाले. "तीन तास होऊन गेले होते. खाली चौघं होते. वास कुणालाच आला नव्हता. एक जण म्हणाला, उगाच वाजतेय, बंद कर. मी वरून शिवी हासडली. चौघं वर आले. एकाची चप्पल आत राहिली, तेवढंच."

पणताईने तोंडावर हात ठेवला. सर उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. काकांनी सगळ्यांसाठी चहा ओतला. माझ्याकडे कुणी पाहिले नाही, आणि त्या दिवशी मला त्याचे काहीच वाटले नाही.

मित्रांनो, माझी गोष्ट सांगून झाली. जुन्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आमच्यावर दया करा. मी तसे म्हणणार नाही. मला दया नको. मला तपासणी हवी. मला कोरडे ठेवा, घामेजल्या बोटांनी हात लावू नका, माझे दाणे गुलाबी झाले की बदला. वर्षातून एकदा मला रेझिस्टर लावा, आणि मी चुकलो तर खुशाल मोडीत काढा, मी हूं की चूं करणार नाही. पण मी बरोबर निघालो, तर मग माझा काटा जिथे जाईल तिथे तुम्हाला बघावे लागेल. तुम्हाला आवडो अगर न आवडो. तुमच्या ठरलेल्या दिवसाच्या आड येवो अगर न येवो. मी म्हातारा आहे म्हणून तुम्हाला नजर फिरवता येणार नाही.

आज सकाळीच पणताईने मला एका नव्या तारेला जोडले आहे. ती कशाची आहे ते अजून मला सांगितलेले नाही. मी तापलो आहे. काटा सुटला आहे. बघायला या.